अधिकारी मोठा होतो, नोंदी कमी होतात

सदानंद दाते यांच्या आयुष्याचा रील करणं अजिबात अवघड नाही. पुण्यात सकाळी वर्तमानपत्रं टाकणारा मुलगा. १९९० च्या तुकडीतला आयपीएस अधिकारी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात कसाब आणि अबू इस्माईलच्या समोर, अंगात ग्रेनेडचे तुकडे. मग राष्ट्रपतींचं शौर्यपदक. पुढे तोच अधिकारी राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे एनआयएचा, प्रमुख होतो आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा अमेरिकेतून दिल्लीत आणला जातो. मागे ढोल-ताशा लावला की मिनिटभरात काम झालं.

यातलं काहीच खोटं नाही. एखाद्या पटकथालेखकानं हे सुचवलं असतं तर निर्मात्यानं ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून परत पाठवलं असतं, इतकं ते खरं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. अशा सांगण्यात पस्तीस वर्षांची नोकरी फक्त दोन ठिकाणी दिसते: कामाच्या जिन्यात आणि राणाच्या विमानापाशी. मधलं सगळं गायब. आणि शेवटची वर्षं, जेव्हा या माणसाच्या सहीनं देशभर तपास सुरू होत होते, ती तर मधल्यापेक्षाही गायब.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे: आपल्याकडे पोलिसांवर भरपूर लिहिलं जातं आणि त्याहून जास्त वाचलं जातं. पण अधिकारी जितका वर चढतो, तितका त्याच्याबद्दलचा भरवशाचा मजकूर कमी होत जातो. ती रिकामी जागा मग आपण कौतुकानं भरतो. त्यात नुकसान आपलं आहे.

मैंदर्गीतून वाचताना

मी मैंदर्गीचा. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेलं आमचं छोटं नगरपरिषदेचं गाव. घरात कन्नड, शाळेत मराठी, मोबाईलवर हिंदी, असा आमचा कारभार. इथं पहाटे रस्त्यावर उभं राहिलात तर पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. मैदानीचे पन्नास गुण, लेखीचे शंभर. मुलींना आठशे मीटर. शेती पावसावर, कारखानदारी लांब सोलापुरात. त्यामुळे वर्दी हा आमच्याकडे निव्वळ अभिमानाचा विषय नाही, महिन्याच्या पगाराचा आहे.

या पोरांच्या मोबाईलमध्ये अभ्यासाच्या पीडीएफ असतात आणि त्यांच्या शेजारी एखादं पोलीस अधिकाऱ्याचं आत्मचरित्र असतं. बहुतेक वेळा ते विश्वास नांगरे पाटील यांचं ‘मन में है विश्वास’ असतं. राजहंस प्रकाशनानं आणलेल्या या पुस्तकानं स्पर्धा परीक्षा करणाऱ्या एका पिढीला उभं केलं, हे मान्य करायला मला अडचण नाही. शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचा मुलगा आयपीएस होतो, ही गोष्ट खेड्यातल्या मुलाला कुणीतरी सांगायलाच हवी होती. पण पुस्तकाचं नाव पाहा. एका परिचित प्रार्थनागीतातली ओळ आणि लेखकाचं स्वतःचं नाव, दोन्ही एकाच शब्दात. पुस्तक उघडायच्या आधीच ठरलेलं आहे की ही गोष्ट एका माणसाची आहे, त्याच्या जिद्दीची आहे, आणि तुम्ही तिच्यातून बळ घ्यायचं आहे.

दाते यांच्या पुस्तकाचं नाव आहे ‘वर्दीतल्या माणसाच्या नोंदी’. समकालीन प्रकाशनाचं, एनआयएत जाण्याच्या कितीतरी आधीचं. इथं लेखकाचं नाव शीर्षकात नाही. ‘माणूस’ आहे, तो वर्दीच्या आत आहे, आणि तो गोष्ट सांगत नाही, नोंदी करतो. नोंद हा पोलीस ठाण्यातला शब्द आहे. स्टेशन डायरीत नोंद होते, आवक-जावकला नोंद होते. नोंदीला नायक नसतो. तिला तारीख, वेळ, जागा असते आणि खाली सही असते. नोंद चुकली तर सही करणारा जबाबदार असतो. एका पोलीस अधिकाऱ्यानं आपल्या पुस्तकासाठी हा शब्द निवडावा, यात मला त्याच्या कामाकडे बघण्याची एक रीत दिसते.

गावातल्या भरतीच्या एका पोराला मी हे पुस्तक सुचवलं तेव्हा त्यानं विचारलं, ‘‘अण्णा, त्यात एन्काउंटर किती आहेत?’’

प्रश्न भाबडा होता, पण चुकीचा नव्हता. आपण सगळ्यांनीच त्याला तो विचारायला शिकवलंय. पोलिसावरचं पुस्तक म्हणजे गोळी, पाठलाग, मंत्र्याला दिलेलं बाणेदार उत्तर, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. तपासाचे कागद, साक्षीदार फिरणं, पंचनाम्यातली एक चूक आणि तिच्यामुळे दहा वर्षांनी कोसळलेला खटला, हे कुणी वाचायला मागत नाही.

एका रात्रीचं वाचन

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला २६/११ म्हटलं की आधी अशोक कामटे आठवतात. ते सोलापूरचे पोलीस आयुक्त होते आणि शहरात त्यांच्या नावानं अजून गोष्टी सांगितल्या जातात. कामा रुग्णालयाजवळ त्या रात्री काय झालं, हे आपल्याकडे त्यांच्यामुळेच माहीत आहे. पण तो प्रसंग नीट लावला तर त्यात दाते मध्यभागी येतात.

सीएसटीवर गोळीबार करून कसाब आणि अबू इस्माईल कामा रुग्णालयात शिरले. मध्य विभागाचे अतिरिक्त आयुक्त असलेले दाते हाताशी असलेली छोटी तुकडी घेऊन आत गेले आणि वरच्या मजल्यावर, गच्चीच्या खाली, त्यांनी त्या दोघांना अडवून धरलं. वरून ग्रेनेड आले. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर तिथं गेले. दाते जखमी झाले, तरी वायरलेसवर माहिती देत राहिले. त्यांच्या मदतीसाठी निघालेल्या क्वालिसमध्ये हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर होते. रंगभवनच्या गल्लीत त्या गाडीवर गोळीबार झाला आणि तिघेही गेले. पुढे गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला.

या रात्रीवर मोठ्या प्रमाणात लिहिलं गेलं आणि ते एकमेकांशी भांडतं. विनिता कामटे यांचं ‘टू द लास्ट बुलेट’ हे त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं पुस्तक. नवरा गमावलेल्या बाईचं पुस्तक म्हणून लोक ते हातात घेतात आणि आत बघतात तर प्रश्न, वेळा आणि नोंदी. त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून पोलीस नियंत्रण कक्षातल्या संवादांच्या नोंदी मिळवल्या आणि विचारलं: कामाजवळ अधिकारी जखमी होऊन पडले होते, तर मदत का पोचली नाही? नियंत्रण कक्षात त्या रात्री राकेश मारिया होते. त्यांनी हे आक्षेप फेटाळले, आणि २०२० मध्ये त्यांचं ‘लेट मी से इट नाऊ’ हे आत्मचरित्र आलं.

मधे २०१३ मध्ये रामगोपाल वर्मा यांचा ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ येऊन गेला होता. त्यात नाना पाटेकर यांनी साकारलेला सहआयुक्त समितीसमोर बसून सगळी रात्र सांगतो. सिनेमा म्हणून तो काही ठिकाणी अंगावर येतो, पण त्याची बैठकच अशी आहे की आपण ती रात्र नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या तोंडून ऐकतो. विनिता कामटे यांचा प्रश्न नेमका त्याच कक्षाला होता. ज्याला प्रश्न विचारायचा, तोच कथेचा निवेदक झाला की प्रश्न आपोआप मागे पडतो. दिग्दर्शकाचा हेतू तसा असेल-नसेल, परिणाम तसा होतो.

यात बरोबर कोण, हा निवाडा मी करत नाही. माझा मुद्दा असा की मुंबई पोलिसांबद्दल हे भांडण होऊ शकलं. एका बाजूला अधिकाऱ्याचं म्हणणं, दुसऱ्या बाजूला अर्ज करून मिळवलेले कागद, आणि राम प्रधान समितीसारखी चौकशी. वाचकाला तीन ठिकाणांहून बघता आलं. म्हणून ती रात्र आपल्याकडे नुसती पोवाड्यात राहिली नाही, तिची उलटतपासणीही झाली.

रीलमध्ये न मावणारी वर्षं

दाते यांच्या कारकिर्दीतला मला सर्वात रस असलेला भाग कुणी दाखवत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. त्यांची पीएचडी आर्थिक गुन्ह्यांवरची आहे, पुणे विद्यापीठातली. हम्फ्री फेलोशिपवर ते अमेरिकेत गेले, तेही पांढरपेशा आणि संघटित गुन्हेगारीला आळा कसा घालतात हे शिकायला. सीबीआयमध्ये काम केलं, सीआरपीएफमध्ये केलं. २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार असं नवं पोलीस आयुक्तालय झालं, त्याचे पहिले आयुक्त तेच. नंतर राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख.

ही यादी वाचताना कंटाळा आला असेल, तर तो कंटाळा जरा तपासून बघा. नवं आयुक्तालय उभारायचं म्हणजे काय? ठाण्यांच्या हद्दी ठरवायच्या, माणसं मागायची, इमारती शोधायच्या, कोणती तक्रार कुणी घ्यायची ते लावून द्यायचं. आर्थिक गुन्ह्याचा तपास म्हणजे काय? बँकेची पानंच्या पानं, कंपन्यांच्या आड लपलेल्या कंपन्या, आणि शेवटी पैसे बुडालेला एखादा निवृत्त शिक्षक. तिथं बंदूक लागत नाही. आमच्याकडे पतसंस्था बुडते तेव्हा लोक पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर बसतात. त्या वेळी त्यांना धाडसी अधिकारी नको असतो, हिशेब कळणारा हवा असतो.

म्हणून मला वाटतं, दाते यांना ‘कामाचे हीरो’ म्हणणं खरं असूनही अपुरं आहे. त्या रात्री त्यांनी जे केलं ते क्वचितच एखाद्याच्या वाट्याला येतं. मधल्या वर्षांत जे केलं ते मात्र प्रत्येक चांगल्या अधिकाऱ्याकडून रोज अपेक्षित असतं, आणि ते मोजायला आपल्याकडे भाषाच नाही.

कागद जिथे संपतात

आता शेवटच्या टप्प्याकडे या. २६/११ नंतर महिन्याभरात संसदेनं कायदा केला आणि एनआयए जन्माला आली. म्हणजे ज्या रात्री दाते जखमी झाले, त्याच रात्रीतून ही यंत्रणा निघाली. मार्च २०२४ च्या अखेरीस ते तिचे महासंचालक झाले. पुढच्या वर्षी राणाचं प्रत्यार्पण झालं, २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला आणि त्याचा तपास एनआयएकडे आला. २०२६ च्या सुरुवातीला ते राज्याचे पोलीस महासंचालक म्हणून महाराष्ट्रात परतले. आमच्या गावची पळणारी पोरं आता त्यांच्याच खात्यात भरती होणार.

एनआयएमधल्या या काळाबद्दल आपल्याकडे वाचायला काय आहे? पत्रकं, ‘सूत्रांच्या’ बातम्या आणि रील.

याला कारण आहे, आणि ते कायद्यात लिहिलेलं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ मध्ये काही गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांना वगळलं आहे. त्यांची यादी दुसऱ्या अनुसूचीत असते. आयबी आणि रॉ त्यात आहेतच. २०११ मध्ये सीबीआयबरोबर एनआयएचंही नाव त्यात घातलं गेलं. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन या दोन बाबतींत माहिती मागता येते, बाकी दार बंद. म्हणजे विनिता कामटे यांनी मुंबई पोलिसांकडून नोंदी मिळवून जसं पुस्तक केलं, तसं एनआयएबद्दल कुणालाही करता येणार नाही.

मग अधिकाऱ्यानंच लिहिलं तर? तिथंही कुंपण आहे. २०२१ मध्ये केंद्रानं पेन्शनचे नियम बदलले: अशा संस्थांमधून निवृत्त झालेल्यांना संस्थेच्या कामाशी संबंधित काही छापायचं तर आधी परवानगी हवी. २०२३ मध्ये आयएएस, आयपीएस वगैरे सेवांच्या निवृत्तिवेतन नियमांतही तशीच तरतूद आली. परवानगीविना लिहिलं तर पेन्शनवर येऊ शकतं. गुपितं गुपित राहिली पाहिजेत, यावर वाद नाही. एखाद्या खबऱ्याचा जीव एका ओळीनं जाऊ शकतो. पण हे नियम गुपितापुरते थांबत नाहीत. तिथं मिळालेलं ज्ञान आणि अनुभव, हेही त्यांच्या कक्षेत येतं.

परिणाम असा की ‘वर्दीतल्या माणसाच्या नोंदी’सारखं पुस्तक लिहिता येतं ते अधिकारी वर पोचण्याच्या आधी. पोचल्यावरचा भाग बाहेरचा माणूस मागू शकत नाही आणि आतला सांगू शकत नाही. मागे उरतं ते कौतुक. किंवा दुसऱ्या टोकाची शिवीगाळ. दोन्हीला कागद लागत नाही.

निकालपत्र वाचा

तरी एक जागा उरते आणि ती फार महत्त्वाची आहे. आयबी किंवा रॉ कुठल्याही स्वतंत्र कायद्यानं स्थापन झालेल्या नाहीत आणि त्यांचं काम न्यायालयात मांडलं जात नाही. एनआयए मात्र कायद्यानं झालेली आहे आणि तिला आरोपपत्र घेऊन न्यायाधीशासमोर उभं राहावंच लागतं. तिथं तिचा मजकूर ओळीओळीनं वाचला जातो. मला तर निकालपत्र हे आपल्याकडचं सगळ्यात कठोर साहित्यपरीक्षण वाटतं. तिथं शैलीला गुण नाहीत. वाक्याला पुरावा आहे का, एवढंच विचारतात.

३१ जुलै २०२५ ला मालेगाव स्फोट खटल्यात विशेष एनआयए न्यायालयानं सातही आरोपींना निर्दोष सोडलं. २९ सप्टेंबर २००८ च्या त्या स्फोटात सहा माणसं गेली होती. सुरुवातीचा तपास करकरे यांच्या एटीएसचा. २०११ मध्ये प्रकरण एनआयएकडे गेलं आणि २०१६ मध्ये तिनं दाखल केलेलं पुरवणी आरोपपत्र एटीएसच्या आरोपपत्रापेक्षा बरंच वेगळं होतं. म्हणजे एकाच घटनेबद्दल सरकारच्याच दोन यंत्रणांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि सतरा वर्षांनी न्यायालय म्हणालं की संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. त्याच महिन्यात, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयानं २००६ च्या रेल्वे स्फोटांमधल्या बारा जणांची शिक्षा रद्द केली. तो तपास राज्याच्या एटीएसचा. सर्वोच्च न्यायालयानं लगेच सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये. पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही.

हे दोन्ही तपास दाते यांचे नव्हते. मालेगावचा निकाल ते प्रमुख असताना लागला, एवढाच त्यांचा संबंध. म्हणून त्याचं खापर त्यांच्यावर फोडणं अन्याय होईल. पण प्रमुखाच्या कारकिर्दीकडे बघायचं तर या निकालांना वगळून बघता येत नाही. मालेगावच्या सहा घरांना आजही कायद्यानं सिद्ध झालेलं उत्तर मिळालेलं नाही. रेल्वे स्फोटांत गेलेल्यांच्या घरांनाही नाही. आणि जे एकोणीस वर्षांनी बाहेर आले, त्यांची ती वर्षं कोणत्या पदकात मोजायची? ही माणसं कुठल्याच आत्मचरित्रात पानभरही येत नाहीत. ती फक्त निकालपत्रांत भेटतात, ‘आरोपी क्रमांक अमुक’ म्हणून किंवा ‘साक्षीदार क्रमांक तमुक’ म्हणून.

राणाच्या विमानाकडेही मी असाच बघतो. त्याला आणणं हे मोठं काम होतं. अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई गेली होती. पण प्रत्यार्पण हा तपासाचा शेवट नसतो, तिथून खटल्याचं खरं वाचन सुरू होतं. विमानाचा व्हिडिओ लाखोंनी पाहिला. त्या खटल्याचा निकाल येईल तेव्हा तो आपल्यापैकी किती जण उघडतील?

मग वाचायचं काय?

पोलीस होऊ पाहणाऱ्या, किंवा नुसती पोलिसांची गोष्ट आवडणाऱ्या, माझ्या वयाच्या वाचकाला मी एक क्रम सुचवेन. ‘मन में है विश्वास’ वाचा, ते तुम्हाला पहाटे उठवेल. मग ‘वर्दीतल्या माणसाच्या नोंदी’ वाचा, उठल्यावर दिवसभर काय करायचं असतं ते कळायला. त्यानंतर ‘टू द लास्ट बुलेट’ वाचा, कारण वर्दीला प्रश्न विचारणं हे वर्दीवर प्रेम करण्याच्या आड येत नाही, हे ते पुस्तक शिकवतं. आणि वर्षातून एकदा तरी एखादं निकालपत्र उघडा. ती फुकट मिळतात. भाषा रुक्ष असते, पण त्यात पंचनामा कसा फसतो, साक्ष कशी टिकते, हे जितकं कळतं तितकं कुठल्याही अकॅडमीत कळत नाही.

दाते यांच्याबद्दल माझा आदर या सगळ्यानं कमी झालेला नाही. उलट मला त्यांच्याकडून आणखी एका पुस्तकाची अपेक्षा आहे. एनआयएच्या खुर्चीत बसल्यावर कागद कसा दिसतो? आपल्या आधीच्यांनी केलेला कच्चा तपास पुढे न्यायचा म्हणजे काय करायचं? कामाच्या जिन्यात जखमी झालेला माणूस त्याच खटल्यातल्या आरोपीची फाइल वाचतो तेव्हा स्वतःला बाजूला कसा ठेवतो? यातलं कुठलंच उत्तर देशाचं गुपित नाही. ते लिहायला त्यांना एखाद्या कार्यालयाची परवानगी लागणार असेल, तर ती परवानगी मिळावी असा आग्रह वाचकांनी धरला पाहिजे.

आमच्याकडच्या पोरांना सोळाशे मीटर किती मिनिटांत पळायचं ते पाठ आहे. वर्दी मिळाल्यावर त्यातलं कुणी ठाण्यात पहिल्या रात्री डायरी उघडेल, तारीख घालेल, वेळ घालेल, आणि समोर बसलेला माणूस काय सांगतोय ते लिहील. ती नोंद खरी असावी. बाकीची कारकीर्द त्याच्यावर उभी राहते.